लर्निंगपासून पक्क्या लायसन्सपर्यंत: मधल्या सहा महिन्यांचा हिशेब

माझ्या भाचीनं लर्निंग लायसन्स घरी बसून, मोबाइलवर, दुपारचा चहा होईपर्यंत काढलं. संध्याकाळी तिच्या आईनं पेढे वाटले. मी पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "मग क्लासला कधीपासून?" तर म्हणाली, "अरे मामा, सहा महिने आहेत की!" सहावा महिना लागल्यावर तिचा फोन आला. लर्निंगचे एकोणीस दिवस उरले होते आणि परिवहन सेवेच्या ऑनलाइन पोर्टलवर चाचणीची पहिली मोकळी तारीख बाविसाव्या दिवसाची होती. ते लर्निंग वाया गेलं. पुन्हा फी, पुन्हा संगणकावरची परीक्षा.

घरातल्या आणि शेजारच्या मिळून सात-आठ जणांना मी आजवर आरटीओच्या मैदानावर घेऊन गेलोय. मी स्वतः पहिल्या वेळी नापास झालो होतो, ते पुढे सांगतोच. या सगळ्यांत गाडी अजिबातच येत नाही म्हणून अडकलेला एकही नव्हता. कुणी तारखेत अडकलं, कुणी कागदात, आणि बाकीचे पायी चालण्याच्या वेगानं गाडी चालवता येत नाही म्हणून. रस्त्यावर चाळीसच्या स्पीडनं झोकात जाणारे मैदानावर पाच किलोमीटरच्या वेगात डगमगतात. तेव्हा या तीन गोष्टींवरच जास्त लिहितो. महाराष्ट्रात खासगी दुचाकी किंवा चारचाकी चालवू पाहणारा माणूस डोळ्यांसमोर आहे.

आधी तारखा

लर्निंग ज्या दिवशी मिळतं त्या दिवसापासून सहा महिने चालतं. पहिले ३० दिवस पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. पोर्टलच पुढे सरकू देत नाही. म्हणजे हातात उरतात पाच महिने. १ जूनला लर्निंग मिळालं असेल तर १ जुलैपासून चाचणी देता येते आणि ३० नोव्हेंबरला खेळ संपतो.

आता नापास होण्याची सोय हिशेबात धरा. चाचणीत नापास झालं तर ७ दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालं तर शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावं लागतं, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सुधारणेचं प्रशिक्षण घेण्याची अटही आहे. शिवाय कागदावर ७ दिवस असले तरी मोकळा स्लॉट सातव्या दिवशी मिळेलच असं नाही. मोठ्या शहरांतल्या आरटीओत तो काही आठवड्यांनंतरचा असतो. म्हणून माझा नियम असा: पहिली चाचणी चौथा महिना संपायच्या आत. वरच्या उदाहरणात, सप्टेंबर संपायच्या आत.

एकतिसाव्या दिवशी अर्ज भरा आणि स्लॉट पाहा. गाडी अजून आलेली नसेल तर महिनाभर पुढची तारीख घ्या, पण घ्या. तारीख ठरलेली असली की क्लास चुकत नाही, हा माझा अनुभव. अगदीच जमलं नाही तर स्लॉट ऑनलाइन बदलता येतो.

दुचाकीवाल्यांनी पावसाचाही विचार करावा. बारावीची परीक्षा संपली की मुलं मे-जूनमध्ये लर्निंग काढतात आणि चाचणी नेमकी जुलै-ऑगस्टच्या चिखलात येते. ज्या आरटीओत दुचाकीची चाचणी अजून मातीच्या मैदानावर होते तिथे भर पावसात आठचा आकडा काढणं ही वेगळीच परीक्षा आहे.

कशाचं लायसन्स हवंय ते नीट ठरवा

लर्निंगच्या अर्जात वाहनाचा वर्ग निवडावा लागतो. आपल्या कामाचे तीनच: मोटारसायकल विदाउट गिअर, मोटारसायकल विथ गिअर आणि लाइट मोटर व्हेइकल म्हणजे आपली चारचाकी. इथली एक चूक फार जण करतात. घरात स्कूटर आहे म्हणून 'विदाउट गिअर'वर टिक करतात. पुढे दोन वर्षांनी बाइक घेतात आणि मग कळतं की लायसन्स बाइकला चालत नाही, पुन्हा लर्निंग आणि पुन्हा चाचणी. गिअरवालीचं लायसन्स असेल तर स्कूटरही चालवता येते, उलट चालत नाही. तेव्हा बाइक पुढेमागे घेणार असाल तर आताच 'विथ गिअर' घ्या. मात्र चाचणीलाही गिअरची गाडीच न्यावी लागेल. मित्राची आणा, पण आठवडाभर आधी आणा, चाचणीच्या सकाळी नको.

दुचाकी आणि चारचाकी दोन्हींचं लर्निंग एकाच अर्जात होतं. केंद्रीय नियमांतले दर प्रत्येक वर्गाला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० असे आहेत, म्हणजे दोन्हींत मिळून फार फरक पडत नाही. खेटे मात्र वाचतात.

वयाचं म्हणाल तर १८ पूर्ण. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात, तेव्हा त्या लायसन्सवर त्या चालत नाहीत. "क्लासपुरती तर नेतो" म्हणणाऱ्या पालकांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ वाचावं. मुलानं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

लर्निंगवर काय चालतं, काय नाही

लर्निंग देशभर चालतं. साताऱ्यात काढलेल्या लर्निंगवर पणजीतही गाडी शिकता येते. पण एकट्यानं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ सांगतो की पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती सोबत हवी आणि ती गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली हवी. दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज दुसरं कुणी मागे बसवायचं नाही. आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा: पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच. बाजारात मिळणारे चिमुकले स्टिकर या मापात बसत नाहीत, घेताना पट्टी लावून पाहा.

हे सगळं कोण पाळतं, असं तुम्ही म्हणाल. पोलिसाचं सोडा, तुमच्या विम्याची पॉलिसी काढा. त्यात 'ड्रायव्हर्स क्लॉज' नावाचा बारीक अक्षरातला परिच्छेद असतो. लर्निंगवाल्यानं गाडी चालवली तर चालेल, पण नियम ३ पाळलेला असला पाहिजे, असं त्यात छापलेलं असतं. म्हणजे लर्निंगवर एकटे निघालात आणि कुणाला धडक बसली, तर विमा कंपनीच्या हातात हरकतीचं कारण तुम्हीच दिलंत. भाचीला हा परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावला होता. त्यानंतर तिनं एकटीनं किल्लीला हात लावला नाही.

क्लास की घरचे?

दुचाकी घरचं कुणीही शिकवू शकतं. चारचाकीला निदान सुरुवातीचे पंधरा दिवस क्लास लावावा, असं माझं मत. एक तर क्लासच्या गाडीला शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक-क्लच असतो, आणि दुसरं म्हणजे नवऱ्यानं बायकोला गाडी शिकवल्यावर घरात जी शांतता पसरते ती मी अनुभवली आहे.

पण त्या दुसऱ्या क्लचचाच तोटा आहे. आमच्या शेजारच्या काकू महिनाभर क्लासला गेल्या, एकदाही गाडी बंद पडली नाही म्हणून खूश होत्या. घरच्या गाडीत बसल्या आणि सोसायटीच्या गेटपर्यंत पाच वेळा बंद पाडली. महिनाभर क्लच शिक्षक दाबत होते, काकूंना पत्ताच नव्हता. क्लासच्या शेवटच्या आठवड्यात शिक्षकांना स्पष्ट सांगा, "सर, पाय काढून बसा." आणि चाचणी ज्या गाडीवर देणार तिच्यावर निदान आठ-दहा दिवस हात बसवा.

मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटर हा आणखी एक मार्ग १ जुलै २०२१ पासून नियमांत आला आहे. तिथला चारचाकीचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तासांचा असतो, आणि तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ असते. कोपऱ्यावरचा प्रत्येक मोटार ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे असं सेंटर नाही. २०२४ च्या मे महिन्यात "१ जूनपासून आरटीओची चाचणीच बंद" असा मेसेज गावभर फिरला होता, तेव्हा केंद्रीय मंत्रालयालाच नियम बदललेले नाहीत असा खुलासा करावा लागला. तेव्हा चाचणी द्यायचीच आहे असं धरून चला.

पक्क्याचा अर्ज

परिवहन सेवेच्या संकेतस्थळावर 'सारथी' विभागात जाऊन महाराष्ट्र निवडायचं, 'अप्लाय फॉर ड्रायव्हिंग लायसन्स' उघडायचं आणि लर्निंगचा क्रमांक व जन्मतारीख टाकायची. लर्निंगच्या वेळी दिलेली माहिती आपोआप येते. ती डोळे उघडे ठेवून वाचा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, पत्ता, रक्तगट. इथली चूक दुरुस्त करणं सोपं आहे, कार्डावर छापून आल्यावर नाही. अर्जात अवयवदानाची इच्छा विचारणारा एक प्रश्नही असतो. लोक घाईघाईत पुढे जातात, पण घरी बोलून मग उत्तर द्या.

ज्यांच्याकडे आधीच दुचाकीचं पक्कं लायसन्स आहे आणि आता चारचाकी जोडायची आहे, त्यांनी नवं लायसन्स मागायचं नाही. चारचाकीचं लर्निंग काढून त्यांनी 'अ‍ॅडिशन ऑफ क्लास' निवडायचं. चुकून नवा अर्ज भरला की निस्तरायला पुन्हा खिडकीसमोर उभं राहणं आलं.

वयाची चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १अ, लागतं. बाकीच्यांना तब्येत ठीक असल्याचं स्वतःचं घोषणापत्र, नमुना १, पुरतं.

फी: चाचणीचे प्रत्येक वर्गाला ३०० आणि लायसन्सचे २००. म्हणजे दुचाकी-चारचाकी मिळून ८०० झाले. त्यावर स्मार्ट कार्ड, टपाल वगैरे आकार धरून जी एकूण रक्कम होते ती पोर्टल दाखवतं. पैसे भरले की पावती आणि स्लॉटची चिठ्ठी दोन्ही छापून ठेवा. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका. मैदानावर रेंज नसते आणि खिडकीवरच्या माणसाला कागदच हवा असतो.

आरटीओ कोणतं? कायदा असं म्हणतो की राज्यात राहत असाल तर राज्यातल्या कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी कॅम्पची चौकशी जरूर करावी. आरटीओचे निरीक्षक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी येतात, आणि जिल्ह्याला जाण्याचा एक दिवस वाचतो. चारचाकीची चाचणी मात्र कुठे होते हे आधी विचारून घ्या. पुण्यात चारचाकीवाल्यांना नाशिक फाट्याजवळ आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर जावं लागतं, दुचाकीवाल्यांना आळंदी रोडच्या कार्यालयात. सकाळी साडेआठला चुकीच्या दारात उभा असलेला माणूस फार केविलवाणा दिसतो.

आता एजंटबद्दल. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांनी अर्ज भरून घेण्यापुरती मदत घेतली तर मला त्यात गैर दिसत नाही. पण अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा आहे ना, हे स्क्रीनवर बोट ठेवून पाहा. माझ्या धाकट्या भावाच्या अर्जात एका एजंटनं आपला नंबर टाकला होता. ओटीपी त्याच्याकडे, स्लॉटचा मेसेज त्याच्याकडे. पुढे पत्ता बदलायची वेळ आली तेव्हा तो एजंट दुकान बंद करून गावी गेलेला. नंबर बदलून घ्यायला भावाच्या दोन सुट्ट्या गेल्या.

चाचणीच्या दिवशी पिशवीत काय हवं

लर्निंगची प्रत, अर्ज, फीची पावती, स्लॉटची चिठ्ठी. आधार आणि वयाचा पुरावा, मूळ. क्लास केला असेल तर त्यांचं प्रमाणपत्र, नमुना ५. आणि गाडीचे कागद, जे लोक हमखास विसरतात: आरसी, चालू विमा, चालू पीयूसी. गाडी दुसऱ्याची असली तरी हे तिन्ही लागतात.

बायकोच्या चाचणीच्या दिवशी आम्ही पावणेआठला मैदानावर हजर होतो. फाइल लावली, पंच केली, आणि पीयूसी पाहिलं तर आदल्या दिवशी संपलेलं. गेटबाहेर पीयूसीची व्हॅन उभी होती म्हणून वाचलो, पण रांगेतला सातवा नंबर एकोणचाळिसावा झाला. आता मी तारखेच्या दोन दिवस आधी गाडीचा डॅशबोर्ड उघडून तिन्ही कागदांच्या तारखा मोठ्यानं वाचतो. घरचे हसतात.

गाडीलाही एकदा फेरी मारून पाहा. इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, आरसे. दुचाकीवाल्यांनी हेल्मेट आणि बूट घालावेत. चपलेत आठ काढताना चप्पल निसटली तर पाय आपोआप खाली जातो. ओढणी असेल तर गाठ मारून घ्या.

दुचाकीचा आठ

मैदानावर चुन्यानं किंवा रंगानं आठचा आकडा आखलेला असतो. त्यावरून पाय न टेकवता, रेषेबाहेर न जाता, गाडी बंद न पाडता फिरायचं. वाचायला सोपं वाटतं. मी पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेलो तेव्हा पहिलं वर्तुळ मस्त काढलं, दुसऱ्या वर्तुळाच्या शेवटच्या वळणावर पुढच्या चाकाकडे पाहिलं आणि डावा पाय टेकला. झाडाखाली खुर्चीवर बसलेल्या निरीक्षकांनी मान वरसुद्धा न करता "पुढचा" म्हटलं. एवढीच ती परीक्षा.

तो पाय का टेकला हे मला नंतर कळलं, आणि तेव्हापासून मी प्रत्येकाला तेच शिकवतो. गाडी नजरेमागे जाते. चाकाकडे पाहिलं की हँडल लटपटतं. चाक वळणाच्या सुरुवातीला असेल तेव्हा नजर वळणाच्या शेवटावर हवी, म्हणजे मान वळवावी लागते, नुसते डोळे नाही. भाची सराव करताना मी वर्तुळाच्या मध्यभागी उभा राहायचो आणि तिला सांगायचो, माझ्याशी बोलत चालव, माझ्याकडे पाहत राहा. तिसऱ्या संध्याकाळी तिचं हँडल स्थिर झालं.

दुसरी गोष्ट वेग. गिअरची गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबलेला, थोडा थ्रॉटल धरून ठेवायचा आणि वेग मागच्या ब्रेकनं, पायानं, कमी-जास्त करायचा. स्कूटरला क्लच नाही, तिथे थोडा थ्रॉटल कायम ठेवून मागचा ब्रेक हलका दाबत राहायचं. थ्रॉटल पूर्ण सोडला की गाडी मरते आणि तोल जातो. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही, म्हणजे नाही. कमी वेगात, मातीवर, वळलेल्या चाकाला पुढचा ब्रेक लागला की गाडी जागच्या जागी आडवी होते.

सरावाला मैदान लागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा देवळामागच्या मोकळ्या जागेत पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा. आधी त्यांच्यात भरपूर अंतर ठेवून भोवती आठ काढा, मग रोज एक-एक पाऊल जवळ आणा. वीस मिनिटं रोज, दहा दिवस. रस्त्यावर शंभर किलोमीटर गाडी फिरवून जे येत नाही ते यात येतं. मैदानावर रांगेत असताना पुढच्या चार जणांचं चालवणं पाहा. बहुतेकांचा पाय कुठे टेकतो ते वळण लक्षात ठेवा.

चारचाकीचा ट्रॅक

काही ठिकाणी निरीक्षक शेजारी बसतात आणि रस्त्यावर एक फेरी मारायला लावतात. जिथे स्वयंचलित ट्रॅक आहेत तिथे सेन्सर आणि कॅमेरे पाहतात आणि निरीक्षकांना खुर्चीतून उठावंही लागत नाही. पहिल्या प्रकारात बोलण्या-वागण्याला थोडी जागा असते, दुसऱ्यात कडेला चाक लागलं की लागलं.

दोन्हींत गुण जातात ते गाडी सुरू व्हायच्या आधीच. बसल्यावर घाई करू नका. सीट अशी सरकवा की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. मग आरसे, मग सीटबेल्ट, मग गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना ते हलवून पाहणं, मग किल्ली. निघताना उजवा इंडिकेटर, उजव्या आरशात नजर, आणि एकदा खांद्यावरून मागे. हँडब्रेक खाली. हा क्रम मी बायकोकडून रोज सकाळी दूध आणायला जाताना करून घेतला, गाडी दोनशे मीटर जाणार असली तरी.

ट्रॅकवर आठ आणि इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची वाट असते. एचमध्ये पुढे जायचं आणि रिव्हर्समध्ये यायचं. लोकांची गडबड रिव्हर्सला होते, कारण ते स्टिअरिंग आधी फिरवतात आणि गाडी कुठे चाललीय ते नंतर पाहतात. क्लचवर गाडी मुंगीच्या वेगानं सोडा, ॲक्सिलरेटरला हात… म्हणजे पाय लावू नका. दोन्ही आरशांत मागचं चाक आणि कडेची रेषा यांच्यातली फट दिसते. ज्या बाजूची फट कमी होतेय तिच्या उलट बाजूला थोडं स्टिअरिंग. समजेनासं झालं तर थांबा. थांबून पाहणं आणि मग निघणं हे भलतीकडे घुसण्यापेक्षा केव्हाही बरं.

चढ हा भीतीचा विषय. गाडी चढावर थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा काढायची. पद्धत एकच आहे आणि ती कंटाळा येईपर्यंत करावी लागते. थांबल्यावर हँडब्रेक ओढा. पहिला गिअर. थोडा ॲक्सिलरेटर द्या, आवाज वाढू द्या, आणि क्लच हळूहळू सोडत जा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटतं. तोच हाफ क्लच. पाय तिथेच गोठवा, आता हँडब्रेक सोडा. गाडी एक क्षण जागेवर उभी राहील आणि मग पुढे जाईल. ज्यांच्या घराजवळ उड्डाणपूल किंवा इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा चढ आहे त्यांनी तो चढ पकडावा, दिवसाला दहा वेळा. सोबतच्या माणसानं मागे उभं राहून विटेचा तुकडा मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर ठेवावा. वीट हलली नाही म्हणजे जमलं.

निरीक्षक हाताचे इशारे आणि खुणा विचारतात. गोल खूण म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधगिरीची सूचना, निळा चौकोन म्हणजे माहिती. एक जोडी हटकून चुकते: निळ्या गोलावर लाल तिरपी रेघ एक असेल तर पार्किंग मनाई, फुली असेल तर थांबायलाच मनाई. माझ्या बायकोला नेमकं हेच विचारलं होतं.

पास झाल्यावर

निकालाचा मेसेज येतो. कार्ड टपालानं पत्त्यावर येतं, म्हणून दाराला कुलूप असणाऱ्यांनी पोस्टमनला किंवा शेजाऱ्यांना सांगून ठेवावं. न दिलेली पाकिटं परत जातात. तोवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स दाखवता येतं, ते कायद्यानं चालतं. मित्रानं पाठवलेला स्क्रीनशॉट किंवा झेरॉक्सचा फोटो मात्र चालत नाही.

कार्ड हातात आलं की वर्ग, नाव आणि मुदत तपासा. मुदतीचं गणित २०१९ च्या दुरुस्तीनंतर बदललं आहे. तिशीच्या आत लायसन्स काढलं तर वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, ३० ते ५० मध्ये काढलं तर १० वर्षं, ५० ते ५५ मध्ये काढलं तर साठीपर्यंत, त्यापुढे ५-५ वर्षं. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येतं. संपल्यावर वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणीच्या मैदानावर जावं लागतं, म्हणून ती तारीख आजच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. टेम्पो किंवा टॅक्सी चालवायचा विचार असेल त्यांच्यासाठी: ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं वाहतूक वाहन चारचाकीच्याच लायसन्सवर चालवता येतं, वेगळी परवानगी लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

ऑस्ट्रेलियात पास झाल्यावरही काही वर्षं 'पी' पाटी लावून, कडक अटींत गाडी चालवावी लागते. आपल्याकडे मधली पायरीच नाही. आज पास, उद्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, कायदा अडवत नाही. आमच्या घरी म्हणून आम्हीच नियम केला आहे: पहिला महिना गावातल्या गावात, रात्री नाही, पावसात नाही, आणि घाट पहिल्यांदा उतरताना शेजारी जुना ड्रायव्हर. भाचीनं कुरकुर केली. पहिल्यांदा खंबाटकी उतरताना मात्र तिनं स्वतःच मला शेजारी बसवलं आणि गिअर कमी करत, ब्रेकवर पाय न ठेवता खाली आणली.

राहता राहिलं ते मागच्या काचेवरचं एलचं स्टिकर. नखानं खरवडू नका, अर्धं निघतं आणि डिफॉगरच्या बारीक तारा तुटतात. उन्हात तासभर गाडी उभी करा, कडेला खोबरेल तेल लावा, पंधरा मिनिटं थांबा आणि जुन्या एटीएम कार्डानं हलक्या हातानं, तारांच्या दिशेनं सरकवत काढा.